पगाराचा आकडा आणि गावाचा भाव

मुंबईतल्या एका हॉटेलात खोल्यांची स्वच्छता पाहणारी सुपरवायझर महिना २६,००० रुपये मिळवते. साताऱ्यातल्या एका हॉटेलात अगदी तेच काम करणाऱ्या सुपरवायझरला १८,००० रुपये मिळतात. दोघींपैकी अधिक पगार कोणाला?

"यात विचारायचे काय? मुंबईच्या बाईंना!" असे तुम्ही चटकन म्हणाल. पण थोडे थांबा. एखाद्याने तुम्हाला सांगितले, "आमच्या गावी आज तापमान ४० आहे", तर तुम्ही काय विचाराल? "४० काय? सेल्सियस की फॅरनहाइट?" ४० अंश सेल्सियसला अंगाची लाही होते, ४० अंश फॅरनहाइटला स्वेटर घालावा लागतो. आकडा तोच, पण एकक बदलले की अर्थ बदलतो.

पगाराच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारायला विसरतो. दोन्हीकडे रुपयाच आहे, म्हणजे एकक एकच, असे आपल्याला वाटते. पण रुपया खाता येत नाही, पांघरता येत नाही. त्याच्या बदल्यात जे मिळते ते महत्त्वाचे. आणि ते गावोगावी निराळे असते. रुपया ही रबराची मोजपट्टी आहे असे समजा. ती एका गावी ताणलेली असते, तर दुसऱ्या गावी आखडलेली. अशा पट्टीने मोजायचे कसे, ते या लेखात पाहू.

सुपरवायझर म्हणजे कोण?

केस कापणे, कपडे धुणे, इस्त्री करणे, पाहुण्यांच्या खोल्या आवरणे, जेवण वाढणे या कामांना वैयक्तिक सेवा म्हणतात. यात हाती देण्याजोगी वस्तू तयार होत नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाचे काम करून देतो. जगातील निरनिराळ्या देशांच्या व्यवसायांची तुलना करता यावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने व्यवसायांचे वर्गीकरण केलेले आहे. त्याच्या २००८ च्या आवृत्तीत वैयक्तिक सेवा देणाऱ्यांच्या गटाचा क्रमांक ५१ आहे, आणि हॉटेले, कचेऱ्या व इतर आस्थापनांतील स्वच्छतेवर देखरेख करणाऱ्यांचा क्रमांक ५१५१ आहे. भारताचे २०१५ चे राष्ट्रीय वर्गीकरणही याच धर्तीवर केलेले आहे.

सुपरवायझरचे काम काय? कामगारांच्या पाळ्या लावणे, हजेरी घेणे, चादरी-टॉवेल-अभ्य्रांचा हिशेब ठेवणे, पाहुण्यांच्या तक्रारी ऐकणे. आणि कोणी गैरहजर असेल तर स्वतः हात चालवणे. तिचा पगार ही शिडीची दुसरी पायरी आहे. पहिल्या पायरीवर खोल्या आवरणारे कामगार असतात. त्यांना जेवढे मिळते त्याहून सुपरवायझरला काही अधिक द्यावे लागते, नाहीतर ती जबाबदारी कोण घेईल? आणि पहिल्या पायरीची उंची ठरते ती त्या गावात राहायला काय खर्च येतो यावरून. म्हणून गाव महाग झाले की शिडीच्या सगळ्या पायऱ्या वर सरकतात. प्रश्न एवढाच, की त्या पुरेशा सरकतात का?

आता एक हिशेब करू

दोघींच्या घरी चार-चार माणसे आहेत, दोघी भाड्याच्या घरात राहतात आणि दोघींच्या गरजा सारख्या आहेत असे धरू. खालचे आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले आहेत. ते कोणत्याही पाहणीतले नाहीत.

तक्ता : महिन्याचा खर्च (रुपये)

धान्य, भाजी, दूध वगैरे : सातारा ७,०००, मुंबई ७,७००
घरभाडे : सातारा ४,०००, मुंबई १०,०००
इंधन व वीज : सातारा १,२००, मुंबई १,३००
कपडे : सातारा १,०००, मुंबई १,०००
प्रवास : सातारा ८००; मुंबई २,०००
शाळा, औषधपाणी, केस कापणे, इस्त्री वगैरे : सातारा ३,०००; मुंबई ४,०००
एकूण : सातारा १७,०००, मुंबई २६,०००

साताऱ्यात ज्या गरजा १७,००० रुपयांत भागतात त्याच गरजांना मुंबईत २६,००० रुपये लागतात. साताऱ्याचा खर्च १०० मानला तर मुंबईचा खर्च (२६,००० ÷ १७,०००) × १०० म्हणजे सुमारे १५३ होतो. या आकड्याला स्थानिक किंमत निर्देशांक म्हणता येईल.

आता मुंबईच्या पगाराचे "साताऱ्याच्या रुपयांत" रूपांतर करू. सूत्र सोपे आहे :

वास्तव वेतन = पैशातील वेतन × १०० ÷ किंमत निर्देशांक

म्हणजे २६,००० × १०० ÷ १५३ = सुमारे १७,०००. साताऱ्याच्या बाईंचे वास्तव वेतन १८,००० आहे. पैशात मोजले तर मुंबईचा पगार ४४ टक्क्यांनी जास्त होता. गरजांत मोजला तर तो साताऱ्यापेक्षा कमी निघाला! साताऱ्यात महिनाअखेर १,००० रुपये उरतात, मुंबईत काहीच उरत नाही. घरात कोणी आजारी पडले, तर हा हजाराचा फरक किती मोठा असतो हे सांगायला नको.

कांदा प्रवास करतो, खोली करत नाही

तक्त्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा. एकूण फरक ९,००० रुपयांचा आहे. त्यात अन्नाचा वाटा केवळ ७०० आणि घरभाड्याचा ६,०००, म्हणजे दोन तृतीयांश. कपड्यांत तर फरकच नाही. असे का व्हावे?

कारण काही गोष्टी प्रवास करतात आणि काही करत नाहीत. मुंबईत कांदा फार महाग झाला तर व्यापारी ट्रक भरून कांदा मुंबईला पाठवतात आणि भाव खाली येतो. दोन गावांतील भावांत वाहतूक, हमाली आणि दुकानाचा खर्च एवढाच काय तो फरक उरतो. पण साताऱ्यातली रिकामी खोली ट्रकमध्ये घालून दादरला नेता येत नाही. जमीन जागची हलत नाही. म्हणून जिथे माणसांची दाटी आणि कामधंद्याची गर्दी, तिथे भाडे वाढतच जाते.

सेवांचेही तसेच आहे. साबण साताऱ्यात घेऊन मुंबईत वापरता येतो, पण केस जिथे आपले डोके असते तिथेच कापून घ्यावे लागतात! मुंबईच्या केशकर्तनालयातला कारागीर मुंबईतच राहतो. त्यालाही मुंबईचे घरभाडे आणि त्याच्या दुकानालाही मुंबईचे भाडे. ते सगळे केस कापण्याच्या दरात उतरते. तीच गोष्ट इस्त्रीवाल्याची, शिकवणीची आणि हॉटेलातल्या खोलीची.

येथे एक मजेदार साखळी दिसते. घरभाडे वाढले की सेवा देणाऱ्यांना जास्त पगार द्यावा लागतो. पगार वाढला की सेवा महागते. सेवा महागली की ती विकत घेणाऱ्या सगळ्यांचा राहणीखर्च वाढतो, आणि त्यांत त्या सेवा देणारेही आले. आपल्या सुपरवायझरचा पगार हा तिच्या मुलांच्या शिकवणीच्या बाईंना महाग वाटणाऱ्या हॉटेलच्या बिलात असतो. आणि शिकवणीच्या बाईंचे भाडे सुपरवायझरने दिलेल्या फीमध्ये असते. राहणीखर्चाचा काही भाग म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी पगारच होय.

सर्वांची टोपली एक नसते

आता गणितात एक छोटा बदल करू. समजा, दोघींनाही राहायला स्वतःचे घर आहे. मग दोन्हीकडचे भाडे वजा करा. साताऱ्याचा खर्च १३,००० आणि मुंबईचा १६,०००. निर्देशांक झाला १२३. मुंबईचे वास्तव वेतन २६,००० × १०० ÷ १२३ = सुमारे २१,१००. आता मुंबईच्या बाईंचे पारडे जड झाले!

शहरे तीच, पगार तेच, भावही तेच. फक्त खरेदीची टोपली बदलली आणि उत्तर उलटले. वडिलांच्या जुन्या खोलीत राहणारे कुटुंब आणि नव्याने भाड्याची जागा शोधणारे कुटुंब एकाच चाळीत शेजारी राहत असले, तरी दोघांची "मुंबई" निराळी असते. म्हणून निर्देशांक वाचताना तो कोणाच्या टोपलीवरून काढला आहे, हे आधी विचारावे.

टोपलीत एक गोष्ट तर कधीच मोजली जात नाही. मुंबईच्या बाईंनी दूरच्या उपनगरात ६,००० रुपये भाड्याची जागा घेतली आणि त्यामुळे प्रवासखर्च २,६०० झाला असे समजा. एकूण खर्च २२,६०० होईल. म्हणजे ३,४०० रुपये वाचले. पण रोज येण्याजाण्यात ३ तास अधिक गेले आणि महिन्यात २५ दिवस काम असले, तर ७५ तास खर्च झाले. ३,४०० ÷ ७५ म्हणजे तासाला सुमारे ४५ रुपये. रोज ८ तास काम धरले तर तिचा पगार तासाला १३० रुपये पडतो. स्वतःचा तास तिने अगदी स्वस्तात विकला! पैशांच्या हिशेबात बचत दिसते, पण मुलांचा अभ्यास घ्यायला उरलेला वेळ त्यात दिसत नाही.

काळाचा निर्देशांक आणि जागेचा निर्देशांक

वर्तमानपत्रांत "ग्राहक किंमत निर्देशांक" हे शब्द तुम्ही वाचले असतील. औद्योगिक कामगारांसाठीचा असा निर्देशांक केंद्र सरकारचा श्रम विभाग, म्हणजे लेबर ब्यूरो, दरमहा काढतो. २०१६ हे त्याचे पायाभूत वर्ष आहे आणि त्यासाठी देशभरातील ८८ केंद्रांतून किंमती गोळा करतात. मुंबई, नागपूर, सोलापूर ही त्यांपैकी आपल्याकडची काही केंद्रे. न्हाव्याची मजुरीसुद्धा त्यात नोंदली जाते.

पण येथे एक फसगत होण्याजोगी जागा आहे. समजा, एखाद्या महिन्यात नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा आला. याचा अर्थ नागपूर मुंबईपेक्षा महाग झाले असा आहे का? मुळीच नाही. प्रत्येक केंद्राचा २०१६ चा खर्च त्याच्यापुरता १०० मानलेला आहे. हे म्हणजे वर्गातील प्रत्येक मुलाची पहिलीतली उंची १०० मानण्यासारखे झाले. आज एकाचा आकडा १४० आणि दुसऱ्याचा १३० असला तर पहिला मुलगा अधिक भरभर वाढला एवढेच कळते. उंच कोण ते कळत नाही. काळाचा निर्देशांक "किती वाढले" ते सांगतो. "कुठे जास्त आहे" हे सांगायला जागेचा निर्देशांक लागतो. आपण तक्त्यावरून काढला तो जागेचा.

निर्देशांकातील बाबींना दिलेले महत्त्व, म्हणजे भार, पाहण्यासारखे आहेत. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक नियम मांडला : उत्पन्न वाढत जाते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटत जातो. आपल्या निर्देशांकात तेच दिसते. २००१ च्या मालिकेत खाद्यपदार्थांचा भार १०० पैकी ४६.२० होता, तो २०१६ च्या मालिकेत ३९.१७ झाला. घराचा भार १५.२७ वरून १६.८७ वर, आणि शिक्षण, औषधोपचार, प्रवास, केशकर्तन वगैरे "संकीर्ण" गटाचा भार २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. घर आणि संकीर्ण यांची बेरीज ३८.५३ ची ४७.१८ झाली. संकीर्ण गटात काही वस्तूही आहेत हे खरे. पण एकंदरीत टोपलीतला प्रवास करणारा भाग घटतो आहे आणि जागीच राहणारा वाढतो आहे. म्हणजे आपण कोणत्या गावी राहतो याला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व येत आहे.

अमेरिकेतील एक उदाहरण

जागेचा निर्देशांक सरकारी पातळीवर नियमितपणे काढणारा एक देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथील आर्थिक विश्लेषण विभाग २०१४ सालापासून प्रत्येक राज्याचा असा अधिकृत निर्देशांक प्रसिद्ध करीत आला आहे. सबंध देशाची सरासरी १०० मानतात. २०२२ साली कॅलिफोर्निया राज्याचा आकडा सुमारे ११२ आणि मिसिसिपीचा सुमारे ८७ होता. तेथेही सर्वांत मोठी तफावत घरभाड्यात आणि त्या मानाने फारच थोडी वस्तूंच्या किंमतीत आढळते. कांद्याचा आणि खोलीचा नियम सगळीकडे सारखाच!

तेथे वैयक्तिक सेवांतील सुपरवायझरांचा स्वतंत्र व्यवसायगट आहे आणि त्यांचे वेतन राज्यवार प्रसिद्ध होते. त्यांच्या शिडीची पहिली पायरी, म्हणजे किमान वेतन, पाहू. जानेवारी २०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ते तासाला १६ डॉलर होते. मिसिसिपीने स्वतःचे किमान वेतन ठरवलेले नाही. तेथे सबंध देशाला लागू असलेले ७.२५ डॉलर चालत होते, आणि तो दर जुलै २००९ पासूनचा. निर्देशांक थोडा आधीचा असला तरी राज्याराज्यांतील तफावत सावकाश बदलते, म्हणून अंदाजासाठी तो चालेल.

कॅलिफोर्निया : १६ × १०० ÷ ११२ = १४.२९
मिसिसिपी : ७.२५ × १०० ÷ ८७ = ८.३३

पैशातील वेतनांचे प्रमाण २.२ पट होते; वास्तव वेतनांचे सुमारे १.७ पट झाले. येथे महागड्या राज्याचे वेतन भावाने भागल्यावरही वरचढ राहिले. साताऱ्याच्या गणितात उलटे झाले होते. म्हणून "महाग शहरात जाऊ नये" किंवा "मोठा पगार तो चांगला" असा एकही सरधोपट नियम नाही. दर वेळी भागाकार करूनच पाहावा लागतो.

मोजपट्टीवरून वाद

हा भागाकार केवळ वहीत राहत नाही. मुंबईत १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन झाले आणि गिरणी कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च तपासून राहणीखर्चाचा निर्देशांक काढला जाऊ लागला. पुढे महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडला गेला, तेव्हा निर्देशांकातील चूक म्हणजे हजारो घरांतली भाकरी कमी होणे. १९६३ साली मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवत नाही अशी तक्रार कामगार संघटनांनी केली, आणि महाराष्ट्र सरकारने तो तपासण्यासाठी प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली.

केंद्र सरकारी नोकरांच्या पगारात काळ आणि जागा या दोहोंची सोय वेगवेगळी केलेली दिसते. महागाई भत्त्याचा दर सबंध देशात एकच; तो काळाबरोबर वाढतो. घरभाडे भत्ता मात्र गावाप्रमाणे बदलतो. सातव्या वेतन आयोगाच्या पद्धतीत जानेवारी २०२४ पासून ५० लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत तो मूळ पगाराच्या ३० टक्के, ५ ते ५० लाख वस्तीच्या शहरांत २० टक्के आणि इतरत्र १० टक्के झाला. मूळ पगार ३०,००० असेल तर मुंबईत ९,००० आणि साताऱ्यात ३,००० रुपये. घर प्रवास करत नाही, हे या नियमाने ओळखले आहे.

खाजगी हॉटेलातल्या आपल्या सुपरवायझरला मात्र असा तयार तक्ता नसतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली महाराष्ट्रात परिमंडळे पाडून निरनिराळे दर ठरवले जात. २०१९ च्या वेतन संहितेतही भौगोलिक क्षेत्र विचारात घेण्याची तरतूद आहे. पण तो झाला तळाचा दर. त्याच्या वरचा पगार नोकरी देणारा आणि घेणारा यांच्या बोलण्यातून ठरतो. बोलणी करताना ज्याला भागाकार येतो, तो फसत नाही. "मुंबईला ये, आठ हजार जास्त देतो" असे कोणी म्हटले तर "राहायची सोय आहे का?" हा पहिला प्रश्न त्याला सुचेल.

करून पाहा

१. परगावी राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला पत्र लिहून किंवा फोन करून पुढील दहा गोष्टींचे दर विचारा : १ किलो मीठ, १ किलो गूळ, १ लिटर दूध, १ किलो कांदे, अंगाचा साबण, केस कापणे, एका कपड्याची इस्त्री, सायकलचे पंक्चर काढणे, महिन्याची शिकवणी आणि एका खोलीचे भाडे. आपल्या गावचे दरही लिहा. वस्तू एकाच प्रतीची आहे ना, याची खात्री करून घ्या.

२. प्रत्येक बाबीसाठी परगावचा दर ÷ आपला दर असे गुणोत्तर काढा आणि गुणोत्तरे १ च्या किती जवळ आहेत त्या क्रमाने लावा. "प्रवास करणाऱ्या" गोष्टी १ च्या जवळ येतात का? दुधासारख्या नाशवंत वस्तू कुठे बसतात?

३. आमच्या तक्त्यात मुंबईचे भाडे १०,००० ऐवजी ८,००० धरा. निर्देशांक आणि वास्तव वेतन पुन्हा काढा. (उत्तर : निर्देशांक सुमारे १४१, वास्तव वेतन सुमारे १८,४००.) मग भाडे किती असले म्हणजे दोघींचे वास्तव वेतन बरोबर सारखे होईल, ते शोधा.

शिक्षकांसाठी : वर्गातील मुलांनी आणलेले दर फळ्यावर एकत्र मांडले, तर एका तासात जिल्ह्याचा छोटासा किंमत नकाशा तयार होतो. दोन मुलांचे आकडे जुळले नाहीत तर ते खोडू नका. दर कोणत्या दुकानातला, कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या प्रतीचा, हे विचारायला लावा. निर्देशांक काढणाऱ्यांनाही रोज हेच प्रश्न पडतात.